वायफाय कॅमेरा आहे, पण चेहरा ओळखू येत नाही: मेगापिक्सेल वाढवण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घराला दोन वायफाय कॅमेरे लावले आहेत, एक पुढच्या दारावर आणि एक मागच्या बाजूला. मागचा दिवसातून अनेकदा ऑफलाइन जातो. पुढचा चालू असतो, पण रात्री चित्रावर पांढरट धुकं येतं. मोबाइलवर इतक्या सूचना येतात की तुम्ही त्या बघणंच सोडलंय. आणि मध्यंतरी दारासमोर ठेवलेलं पार्सल कुणीतरी उचलून नेलं. त्याचं रेकॉर्डिंग आहे, पण माणूस ओळखू येत नाही. म्हणून दोन्ही काढून जास्त मेगापिक्सेलचे कॅमेरे घ्यावेत का, असं तुम्ही विचारताय.

सध्या घेऊ नका. ऑफलाइन जाणं आणि रात्रीचं धुकं नव्या कॅमेऱ्यातही जसंच्या तसं राहील. सूचना थोड्या कमी होतील, चेहरा थोडा बरा दिसेल, पण खर्चाच्या मानाने फारच थोडा.

मी बरीच वर्षं घरांना आणि लहान दुकानांना कॅमेरे बसवून देतो. कॅमेरा असूनही वेळेला उपयोग झाला नाही, अशी तक्रार येते तेव्हा यंत्र बिघडलेलं क्वचितच निघतं. बहुतेक ठिकाणी त्या कॅमेऱ्याने नेमकं काय टिपायचं, हे लावताना कुणी ठरवलेलंच नसतं. ‘सगळं दिसायला हवं’ एवढ्यावर तो छताजवळच्या कोपऱ्यात, वायर पोचेल तिथे बसतो. मग सगळं दिसतं खरं, पण हवं ते दिसत नाही.

म्हणून आधी प्रत्येक कॅमेऱ्यासाठी एक वाक्य लिहा. उदाहरणार्थ, ‘दाराशी येणाऱ्या अनोळखी माणसाचा चेहरा रात्रीसुद्धा ओळखू यावा.’ किंवा, ‘मागच्या बाजूला कुणी आत शिरलं तर मला लगेच कळावं.’ ही दोन कामं वेगळी आहेत. त्यांना लागणारी जागा वेगळी, लेन्स वेगळी आणि सेटिंगही वेगळं. एकाच कॅमेऱ्यावर दोन्ही लादली की दोन्ही अर्धवट होतात.

आता चेहऱ्याचं गणित. ते एकदा समजलं की मेगापिक्सेलबद्दलचे बरेचसे गैरसमज आपोआप गळून पडतात. पाळत-कॅमेऱ्यांसाठी आयईसी ६२६७६-४ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत चित्राची घनता ‘मीटरमागे किती पिक्सेल’, म्हणजे दृश्याच्या एक मीटर रुंदीला चित्रातले किती ठिपके, अशी मोजली आहे. कुणीतरी आहे एवढं कळायला मीटरमागे २५ पिक्सेल पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची खात्रीने ओळख पटायला २५०.

तुमचा कॅमेरा १०८०पी असेल तर चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. भागिले २५०, म्हणजे जास्तीत जास्त ७.७ मीटर रुंदीचं दृश्य चित्रात मावेल तोवरच अनोळखी चेहऱ्याची खात्री. घरगुती कॅमेऱ्यांच्या लेन्स खूप रुंद असतात, आडवा कोन ११० अंशांच्या आसपास सहज असतो. एवढ्या रुंद लेन्समध्ये ७.७ मीटरचं दृश्य कॅमेऱ्यापासून फक्त २.७ मीटरवर भरतं. त्यापलीकडे उभा असलेला माणूस ‘कुणीतरी’ होत जातो. ओळखीच्या माणसासाठी ही मर्यादा साधारण ५.४ मीटर.

तोच हिशेब ४ मेगापिक्सेलचा करा. रुंदी २५६० पिक्सेल, आणि अंतर जातं ३.६ मीटरवर. मेगापिक्सेल दुप्पट करून हाती आलं ते एक मीटरसुद्धा नाही. उलट तोच जुना १०८०पी ठेवून लेन्स ६० अंशांची घेतली, तर हीच मर्यादा ६.६ मीटरपर्यंत जाते. हे सगळं भर उजेडातलं, स्वच्छ चित्राचं गणित आहे, प्रत्यक्षात त्याहून कमीच धरा. खोक्यावर लिहिलेला कोन बऱ्याचदा तिरका, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो. आडवा कोन त्याहून कमी भरतो. तो माहितीपत्रकात वेगळा दिलेला असेल तर तोच हिशेबाला घ्या.

म्हणून पुढच्या कॅमेऱ्यासाठी माझा पहिला सल्ला त्याला जवळ आणि खाली आणण्याचा आहे. माणसाला जिथून जावंच लागतं अशी अरुंद जागा शोधा: फाटक, जिन्याचा शेवट, दाराची चौकट. तिथून २ ते ३ मीटरवर, जमिनीपासून २ ते २.५ मीटर उंचीवर कॅमेरा आला की चेहरा बऱ्यापैकी समोरून मिळतो. साडेतीन मीटरवर छताला लावलेल्या कॅमेऱ्याला डोक्याचे केस आणि टोपी दिसते. त्यात पार्सल उचलणारा माणूस वाकलेला असतो, म्हणजे चेहरा पूर्णच झाकला जातो. माणूस कॅमेऱ्याकडे चालत येईल अशी दिशा धरा. बाजूने जाणाऱ्याचा फक्त कान मिळतो.

खाली लावला तर कुणी हात घालून काढून नेईल ही भीती खरी आहे, आणि इथे परिस्थितीवर अवलंबून आहे. दार रस्त्यालगत असेल तर मी २.५ मीटरच्या खाली येत नाही आणि पट्टी भिंतीला स्क्रूने घट्ट करतो, चुंबकावर टेकवत नाही. दार आतल्या बाजूला असेल तर छातीच्या उंचीवरचा दारघंटी-कॅमेरा चेहऱ्यासाठी सर्वांत चांगला, कारण माणूस स्वतःहून त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. घर भाड्याचं आहे आणि भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, असं असेल तर पर्याय कमी होतात. पण तेव्हाही उंचीपेक्षा दिशा आणि अंतर नीट धरा.

रात्रीच्या धुक्याकडे वळू. अंधारात कॅमेरा स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. काहींचा प्रकाश ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, त्यात दिवे अंधुक लाल दिसतात. काहींचा ९४० चा, तो डोळ्यांना दिसत नाही, पण उजेड कमी पडतो. हा प्रकाश जवळच्या कशावर तरी आपटून थेट लेन्समध्ये परत आला की चित्र पांढरं होतं. कॅमेरा काचेच्या आत ठेवून बाहेर बघतोय, हे सर्वांत नेहमीचं कारण. दुसरं, चित्राच्या कडेला येणारी भिंत, खांब किंवा छताची कड. ती जवळ असल्यामुळे भगभगते. कॅमेरा तिच्या उजेडाला जुळवून घेतो आणि उरलेलं अंगण काळं पडतं. तिसरं, लेन्ससमोर कोळ्याचं जाळं, धुळीचा थर किंवा न काढलेली संरक्षक फिल्म.

ओळखायची रीत सोपी आहे. अंधार पडल्यावर ॲपमध्ये लाइव्ह चित्र उघडा आणि सेटिंगमधून इन्फ्रारेड बंद करा. आतून ‘टिक’ असा बारीक आवाज येईल, लेन्समागची गाळणी सरकल्याचा. चित्र अंधारलं पण धुकं नाहीसं झालं, म्हणजे दोष परावर्तनाचा. मग काचेतून बघणारा कॅमेरा बाहेर काढा, जवळची भिंत चित्रातून जाईल इतकी त्याची मान वळवा, लेन्सभोवतीची काच कोरड्या मऊ कापडाने पुसा. इन्फ्रारेड बंद करूनही धुकं राहिलं, तर लेन्सच्या आत ओल शिरली आहे किंवा समोरचा एखादा दिवा थेट लेन्समध्ये येतोय.

आणि इथेच सर्वांत मोठी सुधारणा दडलेली आहे: दाराशी एक साधा दिवा लावा. मी ज्यांना ज्यांना हे सांगतो त्यांना वाटतं की मी मुद्दा टाळतोय, पण कारण ऐका. अंधारात चित्र उजळ यावं म्हणून कॅमेरा व्हिडिओच्या प्रत्येक चित्राला (फ्रेमला) जास्त वेळ प्रकाश गोळा करतो, समजा सेकंदाचा पंधरावा भाग. चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात ९ सेंटिमीटर. मीटरमागे २५० पिक्सेल असतील तर चेहरा तेवीस-एक पिक्सेल फासला जातो. डोळे, नाक, जिवणी सगळं एकमेकांत मिसळतं. इथे मेगापिक्सेल वाढवले तर फासलेला चेहरा अधिक बारकाईने दिसेल, एवढंच. दिवा लावला की हाच वेळ कमी होतो आणि चेहरा जागच्या जागी राहतो. कपड्यांचे रंगही मिळतात, जे इन्फ्रारेडमध्ये कधीच खरे दिसत नाहीत. दिवा कॅमेऱ्याच्या वर किंवा बाजूला असावा, चित्रात समोर नको. रात्रभर जळायला नको असेल तर हालचाल झाल्यावर लागणारा घ्या. तो लागल्यावर आलेला माणूस क्षणभर वर बघतो, आणि तोच क्षण रेकॉर्डिंगमध्ये उपयोगी पडतो.

आता मागचा कॅमेरा. ‘ऑफलाइन’ या एका शब्दामागे तीन-चार वेगळी दुखणी असतात, त्यामुळे आधी वेळ पाहा. दोन-तीन दिवस तो केव्हा केव्हा जातो ते लिहून ठेवा. दिवसभर अधूनमधून जात असेल तर सिग्नल कमजोर आहे. फक्त संध्याकाळी, आजूबाजूचे सगळे घरी आल्यावर जात असेल तर चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या त्याच वाटेवर, शेजारच्या राउटरांची गर्दी आहे. अंधार पडला की जातो आणि उजाडलं की येतो, असं असेल तर विजेकडे बघा. राउटर बंद-चालू केल्यावरच हरवत असेल तर राउटरने आपोआप बदललेला चॅनेल तपासा. काही उपकरणांना वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले १२ आणि १३ क्रमांकाचे चॅनेल दिसतच नाहीत.

सिग्नलचा अंदाज ॲपमधल्या पट्ट्यांवरून घेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये किंवा राउटरच्या पानावर डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, आकडा दिसतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ नीट चालतो. उणे ७५ च्या खाली गेला की कॅमेरा जोडलेला दिसेल, पण ऐन वेळी चित्र अडकेल. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणून उणे ६७ आणि उणे ७६ मधला फरक वाटतो तसा किरकोळ नसतो, आठपट असतो.

ही मोजणी दार बंद ठेवून करा. रोज रात्री दार बंदच असणार. धातूचं दार, सळईची जाड भिंत, आरसा, पाण्याची टाकी या चार गोष्टी सिग्नल खातात. राउटर कपाटात किंवा टीव्हीमागे कोंबलेला असेल तर आधी तो बाहेर काढून उंचावर, घराच्या मध्याकडे आणा. कित्येकदा एवढ्यानेच मागचा कॅमेरा शुद्धीवर येतो. तरीही भागलं नाही तर सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर किंवा मेश लावा, पण कॅमेऱ्याशेजारी नको. जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे, म्हणजे साधारण वाटेच्या मध्यावर. कमजोर सिग्नल जवळून दिला तरी कमजोरच पोचतो. मागच्या बाजूपर्यंत एक नेटवर्क केबल नेता आली, तर तिच्या टोकाला ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारं यंत्र) लावणं या सगळ्यांहून भरवशाचं.

गर्दीचा त्रास असेल तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल १, ६ किंवा ११ असा पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. मधला चॅनेल निवडला तर दोन्हीकडचा गोंगाट वाट्याला येतो. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बरेचसे फक्त २.४ वरच चालतात, आणि बाहेरच्या भिंतीपलीकडे जायला तोच पट्टा बरा. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी भिंतीत लवकर विरतो.

जोडणी करतानाही याच पट्ट्यावरून माणसं अडकतात. राउटरने २.४ आणि ५ ला एकच नाव दिलेलं असतं, मोबाइल ५ वर असतो, आणि क्यूआर कोड दहा वेळा दाखवूनही कॅमेरा जोडला जात नाही. तेवढ्यापुरतं राउटरमध्ये ५ बंद करा किंवा फक्त २.४ चं वेगळं नाव चालू करा. कॅमेरा राउटरच्या जवळ, टेबलावर ठेवून आधी जोडा, त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, मेमरी कार्ड घाला, एक रेकॉर्डिंग करून बघा. मगच शिडीवर चढा. शिडीवर उभं राहून एका हाताने क्यूआर कोड दाखवणं धोक्याचं आहे आणि गरजेचं मुळीच नाही.

विजेचं दुखणं फार लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. सिग्नलला वायर लागत नसली तरी बॅटरी नसलेल्या कॅमेऱ्याला वीज वायरनेच द्यावी लागते. प्लग लांब असला की लोक बाजारात मिळणारी ५ मीटरची पातळ यूएसबी केबल जोडतात. तिच्या आतली वीज नेणारी तार २८ गेजची (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) असेल तर तिचा रोध मीटरला ०.२१ ओहम. जाणं-येणं धरून ५ मीटरला २.१ ओहम. दिवसा कॅमेरा कमी वीज घेतो म्हणून निभावून जातं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, मागणी अर्ध्या अँपिअरवर गेली की एक व्होल्टहून जास्त दाब केबलमध्येच खर्ची पडतो. अडॅप्टरमधून ५ व्होल्ट निघाले तरी कॅमेऱ्यापर्यंत चारसुद्धा पोचत नाहीत. कॅमेरा बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, दिवे लावतो, पुन्हा बंद. ॲपमध्ये याचंही नाव ऑफलाइनच. तुमचा मागचा कॅमेरा अंधारातच जात असेल तर सोबत आलेल्या आखूड केबलने एक रात्र चालवून बघा. टिकला, तर जाड तारेची केबल घ्या किंवा प्लगच कॅमेऱ्याजवळ आणून घ्या. बाहेरचा जोड पावसापासून झाकायला हवा आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल, भोकातून आत जाणार नाही.

बॅटरीचा कॅमेरा घ्यावा का? जिथे वीज नेणं शक्यच नाही तिथे घ्या, पण त्याचा स्वभाव ओळखून. तो एरवी झोपलेला असतो. उष्णता ओळखणारा सेन्सर त्याला उठवतो, आणि उठेपर्यंत भरभर चालणारा माणूस अर्धं चित्र ओलांडून गेलेला असतो. हा सेन्सर आडव्या जाणाऱ्या माणसाला चटकन पकडतो, सरळ अंगावर चालत येणाऱ्याला उशिरा. काचेतून त्याला काहीच कळत नाही. कडक उन्हात आजूबाजूचं तापमान शरीराच्या जवळ गेलं की तो मंदावतो. मागच्या बाजूला कुणी शिरल्याची वर्दी मिळावी एवढ्यासाठी तो ठीक आहे. सलग रेकॉर्डिंगची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका.

सूचनांचं म्हणाल, तर माझं मत ठाम आहे: ज्या सूचना तुम्ही वाचत नाही त्या बंद करा, आणि उरतील त्या सगळ्या वाचता येतील इतक्या कमी ठेवा. दिवसाला दोनशे सूचना येणारं घर आणि सूचनाच न येणारं घर सारखंच असुरक्षित. वीज जोडलेले साधे कॅमेरे चित्रातले पिक्सेल बदलले की हालचाल धरतात. त्यामुळे झाडाची सावली, गाडीच्या दिव्यांचा झोत, लेन्ससमोरून गेलेला किडा, सगळ्यांची वर्दी येते. ॲपमध्ये हालचालीचा भाग आखायची सोय असते. रस्ता, झाड आणि आकाश त्यातून वगळून फक्त पायवाट आणि दार ठेवा. ‘फक्त माणूस’ असा पर्याय असेल तर तो लावा. मग संवेदनशीलता वरून खाली आणत जा आणि प्रत्येक पायरीला स्वतः त्या भागातून चालून बघा, कारण खूप खाली नेली तर खरा माणूसही सुटतो. मागच्या कॅमेऱ्याच्या सूचनांना रात्रीपुरता आवाज ठेवा आणि दिवसा त्या मुक्या असू द्या. जाळी आणि किड्यांसाठी कॅमेऱ्याभोवती महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवला की पुरे.

रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं, हा मुद्दा तुम्ही विचारला नाही, पण पार्सलच्या प्रसंगानंतर तो यायलाच हवा. १०८०पी चं सलग चित्र सेकंदाला साधारण २ मेगाबिट धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे २१.६ गिगाबाइट. १२८ गिगाबाइटच्या कार्डात सहा दिवसांहून थोडं कमीच मावतं आणि मग जुन्यावर नवं चढत जातं. तुम्ही गावाला जाऊन आठवड्याने परतलात तर पहिल्या दिवशीची घटना पुसली गेलेली असेल. एच.२६५ चा (व्हिडिओ अधिक दाबून साठवायच्या पद्धतीचा) पर्याय असेल तर जागा बरीच कमी लागते. किंवा सलग रेकॉर्डिंग पुढच्यावर ठेवा आणि मागच्यावर फक्त हालचालीचं. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या, मोबाइलमधलं जुनं घालू नका. सतत लिहिलं जाऊन साधं कार्ड लवकर झिजतं, आणि झिजलेलं कार्ड कसलीही तक्रार न करता लिहिणं थांबवतं.

कार्ड कॅमेऱ्यातच असल्यामुळे कॅमेरा चोरीला गेला की पुरावाही जातो. क्लाउड असेल तर क्लिप बाहेर सुरक्षित राहते, पण इंटरनेट गेलं की क्लाउड थांबतं, आणि तेव्हा कार्डच कामाला येतं. म्हणून मी पुढच्या दारासाठी दोन्ही ठेवायला सांगतो: कार्डावर सलग, क्लाउडवर फक्त घटना. दोन कॅमेरे सलग क्लाउडवर पाठवायचे तर अखंड ४ मेगाबिट अपलोड लागेल. तुमच्या जोडणीचा डाउनलोड कितीही असो, अपलोड वेगळा तपासा. राउटरला एक छोटा बॅटरी-बॅकअप द्यायला विसरू नका. वीज गेल्यावर बॅटरीचा कॅमेरासुद्धा राउटरशिवाय तुम्हाला काही कळवू शकत नाही.

आता पासवर्ड. हा भाग लोक वगळतात आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठ-एक नाव-पासवर्डांची यादी होती, आणि ती एकेक करून लावून बघायची एवढंच त्याचं तंत्र. त्या उपकरणांच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला संकेतस्थळांचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाला आणि अनेक मोठी संकेतस्थळं काही तास उघडेनात. मालकांना आपला कॅमेरा यात सामील आहे याचा पत्ताही नव्हता.

तेव्हा कॅमेऱ्याच्या खात्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला, लांब पासवर्ड द्या आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, म्हणजे कॅमेरा स्वतःहून बाहेरचं दार उघडणार नाही. राउटरमध्ये पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क असेल तर कॅमेरे त्यावर टाका, म्हणजे एखादा फितला तरी घरातल्या संगणकापर्यंत पोचणार नाही. वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३ असावी. घरच्यांना चित्र बघायचं असेल तर ॲपमधून त्यांना वेगळा प्रवेश द्या, स्वतःचा पासवर्ड वाटू नका. वाटलेला पासवर्ड परत घेता येत नाही, दिलेला प्रवेश घेता येतो. आणि ज्या कॅमेऱ्याला अद्ययावत सॉफ्टवेअर येणं बंद झालंय तो कितीही चांगला चालत असला तरी बदला. तुमचे दोन कॅमेरे बदलायचं एकमेव सबळ कारण मला हेच दिसतं. जुना कुणाला देताना तो फॅक्टरी रीसेट करा, खात्यातून काढा आणि कार्ड स्वतःकडे ठेवा.

शेजाऱ्यांचा विचारही करा. कॅमेरा त्यांच्या दारात, खिडकीत डोकावत असेल तर ॲपमधल्या झाकणपट्टीने (प्रायव्हसी मास्कने) तो भाग काळा करा, किंवा मान वळवा. घरात कामाला येणाऱ्यांना कॅमेरा आहे हे आधीच सांगा. झोपायच्या खोलीत लावूच नका. आवाज रेकॉर्ड करण्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत आणि चित्रापेक्षा कडक असू शकतात. तुमच्याकडचा नियम ठाऊक नसेल तोवर माइक बंद ठेवलेला बरा.

हे सगळं एका दमात करू नका, नाहीतर कशाने काय सुधारलं ते कळणार नाही. पहिल्या संध्याकाळी मागच्या कॅमेऱ्याची केबल बदलून बघा आणि सिग्नलचा आकडा टिपा. दुसऱ्या संध्याकाळी पुढच्याची दिशा, उंची आणि दिवा. मग सूचनांचा भाग आखा. शेवटी रात्री उशिरा घरातल्या कुणाला तरी टोपी घालून फाटकापासून दारापर्यंत नेहमीच्या वेगाने चालायला सांगा, वाकून काहीतरी उचलायला सांगा आणि परत जायला सांगा. लाइव्ह चित्र बघू नका, रेकॉर्डिंग बघा. चित्र थांबवून चेहरा ओळखू येतो का? वरच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ बरोबर आहे का? आणि ती क्लिप मोबाइलमध्ये उतरवून दुसऱ्याला पाठवता येते का? पोलिसांना क्लिप द्यायची वेळ येते तेव्हा ती कशी काढायची हेच माहीत नसतं, आणि शोधाशोधीत दोन-तीन दिवस जाऊन तोवर कार्डावर नवं रेकॉर्डिंग चढतं.

मागचा कॅमेरा केबल बदलूनही जात राहिला, तर इथे तीन गोष्टी लिहा: दार बंद असताना डीबीएमचा आकडा किती, तो कोणत्या वेळी जातो, आणि राउटर व कॅमेऱ्याच्या मध्ये किती भिंती आहेत. पुढच्याच्या बाबतीत दारापासूनचं अंतर, उंची आणि माहितीपत्रकातला आडवा कोन सांगा. एवढ्यावरून लेन्स बदलायची की फक्त जागा, हे मी नक्की सांगू शकेन.